शेडला लागून तीन बाजूंनी उघडी पडवी: शेडचा आधार घ्यावा की वेगळे खांब?

अडगळ

नमस्कार मंडळी,

घरामागे सामानाची शेड आहे. लांबी १६ फूट, रुंदी १० फूट. लोखंडी सांगाडा, भिंतींना पत्रा, वर पत्र्याचंच दोन पाख्यांचं छप्पर. वळचणीपाशी उंची जमिनीपासून ८ फूट, आढ्यापाशी १० च्या आसपास. जोतं सहा इंचाचं. शेड ठणठणीत आहे, फक्त तिच्यात आता माणूस शिरत नाही. आत एक वस्तू ठेवायची तर दुसरी बाहेर काढावी लागते, आणि बाहेर काढलेली पावसात भिजते.

म्हणून लांबीच्या बाजूला उघडी पडवी काढायचा विचार आहे. १६ फूट लांब आणि पुढे १० फूट आलेली. भिंती नकोत. शिडी, सायकली, लाकडाच्या फळ्या, हातगाडी एवढं राहील आणि मधल्या जागेत टेबल टाकून सुट्टीच्या दिवशी ठोकाठोकी करता येईल.

आमचे वेल्डर म्हणतात, "काही नाही, भिंतीला आडवा अँगल मारू, त्यावर पाइप टाकू, पुढे तीन खांब उभे करू, झालं." ऐकायला छान वाटतं. पण भिंत म्हणजे पत्रा आहे आणि पत्र्याला काही मारून त्यावर छप्पर तोलायचं, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

विचारायचं ते असं: शेडचा आधार घ्यावा की नाही? उतार किती ठेवावा? आणि शेड आणि पडवी यांच्या जोडावर पाणी गळू नये म्हणून काय करावं? या तिसऱ्या प्रश्नाची मला जास्त धास्ती आहे, कारण त्याच भिंतीला आतून पुस्तकांचे खोके लावलेले आहेत.

पाचर

लाकडात करा. वासे, तुळई, खांब सगळं लाकडी, वर पत्रा. लोखंडी शेडशेजारी डोळ्यांना बरं दिसतं आणि वेल्डरची वाट बघावी लागत नाही. खांब मात्र जमिनीत गाडू नका, लोखंडी बुटावर उभे करा. खांबाचं तळ फरशीपासून दोन-तीन इंच वर राहिलं पाहिजे. लाकूड कुजतं ते जमिनीच्या रेषेपाशी, वर नाही.

ओळंबा

लाकूड की लोखंड हे नंतर बघू. आधी शेडचे खांब किती आहेत, कुठे आहेत आणि कशाचे आहेत ते सांगा. खाली बेसप्लेट (खांबाच्या बुडाशी वेल्ड केलेली लोखंडी प्लेट) आणि बोल्ट आहेत की पाइप नुसताच कोब्यात रोवलाय? आणि त्या भिंतीला दार आहे का?

वेल्डरभाऊंचा अँगल तूर्तास थांबवा.

अडगळ

@ओळंबा, त्या भिंतीत तीन खांब आहेत, दोन कोपऱ्यांत आणि एक मधोमध. म्हणजे ८-८ फुटांचे दोन गाळे. खांब अडीच इंची चौकोनी पाइपचे, खाली प्लेट आणि चार-चार बोल्ट. खांबांना आडव्या पट्ट्या वेल्ड केल्यात आणि पत्रा त्या पट्ट्यांना स्क्रूने बसवलाय. दार डाव्या गाळ्यात आहे. एकपाखी, ४ फूट रुंद, साडेसहा फूट उंच, बाहेर उघडणारं.

@पाचर, लाकडाचा मोह आहे, पण इथे वाळवी आहे. तो विषय बंद.

ओळंबा

ठीक. मग सविस्तर लिहितो, चहा घेऊन बसा.

छप्पर म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात एकच भीती असते, ते खाली तर येणार नाही ना? पत्र्याच्या उघड्या पडवीची गोष्ट उलटी आहे. ती खाली येत नाही, वर जाते. अर्धा मिलीमीटर जाडीच्या पत्र्याचं वजन चौरस मीटरला साडेचार किलोच्या आसपास. तुमच्या सगळ्या पडवीवरचा पत्रा दोन माणसं उचलून चालतील एवढाच भरेल. तो खाली पेलायला काय लागतं? काहीच नाही. म्हणून तर भिंतीला अँगल मारून काम होतं असं वाटतं, आणि शांत हवेत ते होतंही.

वारा मोकळ्या बाजूने शेडच्या दिशेने आला की खेळ सुरू होतो. चारी बाजूंनी उघडं छप्पर असेल तर वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघून जातो. तुमच्याकडे समोर शेडची भिंत आहे. वारा आत येतो, भिंतीला अडतो, तिथे दाब साठतो आणि पत्र्याला खालून वर ढकलतो. त्याच वेळी पत्र्यावरून जाणारा वारा त्याला वरून ओढतो. वाऱ्याकडे तोंड करून धरलेल्या छत्रीचं होतं तेच. फरक एवढाच की छत्रीची मूठ आपण सोडून देतो, इथे मूठ म्हणजे तुमची शेड.

एका ठिकाणी दुरुस्तीला गेलो होतो. पडवी अशीच भिंतीच्या आडव्या पट्टीला वेल्ड केलेली. वादळात पडवी गेली ती गेलीच, जाताना पट्टी आणि भिंतीचा पत्राही सोबत घेऊन गेली. वेल्डिंगचा टाका शाबूत होता! टाका मजबूत, पण ज्याला मारला ती पट्टी फक्त पत्रा धरायला लावलेली होती. छप्पर धरून ठेवण्याचं काम तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

तेव्हा शेडचा आधार घ्यायचाच तर फक्त तीन खांबांवर, पट्टीवर कुठेही नाही. पण माझं ऐकाल तर तोही घेऊ नका. शेडलगत खांबांची दुसरी रांग उभी करा. तीन चौकटी करा. प्रत्येक चौकटीत आतला खांब, बाहेरचा खांब आणि वर तिरपा पाइप. त्यांच्यावर आडवी पर्लिनं, म्हणजे पत्रा ज्यांना स्क्रूने बसतो ते आडवे पाइप, आणि त्यावर पत्रा. पडवी आपल्या पायावर उभी राहील आणि शेडला फक्त पाण्यापुरतं शिवेल. खर्च तीन खांब आणि तीन खड्ड्यांनी वाढतो, पण शेड पाच जणांनी बांधलेली असो की कारखान्यातून आलेली, तिच्या ताकदीची चौकशी करत बसावं लागत नाही.

आता उतार. पन्हळी पत्र्याला फुटाला एक इंच ही खालची हद्द समजा. त्याच्या खाली गेलात तर पत्र्यांच्या जोडातून पाणी आत ओढलं जातं. फुटाला दीड इंच ठेवा, निर्धास्त राहाल. पण तुमचं गणित इथे अडतं. वळचण ८ फुटांवर. तिच्या खाली सहा इंच सोडून पडवीचा पत्रा सुरू केला तर साडेसात फूट. १० फूट पुढे आलात की पंधरा इंच उतरलात, म्हणजे बाहेरच्या टोकाला सव्वासहा फूट. त्यातून पत्रा, पर्लिन, पाइप यांची जाडी वजा करा, डोक्यावर पावणेसहा फूट, फार तर पाच फूट दहा इंच राहतात. तुमची उंची किती ते माहीत नाही, पण खांद्यावर शिडी घेऊन आत शिरताना कळेल.

म्हणून १० चा हट्ट सोडून ८ फूट करा. बारा इंच उतार, बाहेरच्या टोकाला पत्रा साडेसहा फुटांवर, पर्लिनांखाली सव्वासहा आणि चौकटींखाली सहा फूट. ही सहा फुटांची जागा फक्त तीन ठिकाणी, खांबांपाशी. तिथून कोणी चालत नाही.

गुण्या

+१. ओळंबा यांनी जे शब्दांत सांगितलं ते आकड्यांत मांडतो, कारण "वारा म्हणजे किती?" हा प्रश्न येणारच.

वाऱ्याचा दाब काढायचं साधं सूत्र असं: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा, ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटर. ताशी १४४ किमी म्हणजे सेकंदाला ४० मीटर. वर्ग १६००, गुणिले ०.६ म्हणजे ९६०. किलोच्या भाषेत चौरस मीटरला जवळजवळ १०० किलो. आकारानुसार हा आकडा कमीजास्त होतो, कडांना आणि कोपऱ्यांना जास्तच, पण अंदाजाला पुरे.

मूळ बेत १६ गुणिले १० चा, म्हणजे १५ चौरस मीटर. उचल १५०० किलो. छपराचं पाइपासकट वजन धरा २००. उरले १३००. त्यातले निम्मे बाहेरच्या खांबांवर आणि निम्मे, म्हणजे ६५० किलो, तुमच्या शेडच्या भिंतीवर, वरच्या दिशेने. त्याच क्षणी शेडचं स्वतःचं छप्परही वर ओढलं जात असतं, ते वेगळंच. शेड बांधणाऱ्याने हा हिशोब धरला असण्याचं काही कारण नाही.

आता ८ फुटांची सुटी पडवी. १२ चौरस मीटर, उचल १२००, वजन वजा जाता १०००. मधल्या चौकटीकडे दोन्ही बाजूंचा अर्धा-अर्धा गाळा येतो, म्हणून तिच्यावर निम्मा भार, ५०० किलो. पर्लिनं सलग असतील तर थोडा जास्तच. दोन खांबांत वाटला तर प्रत्येकी २५० ते ३००. काँक्रीटचं वजन घनफुटाला ६८ किलो. दीड फूट गुणिले दीड फूट, अडीच फूट खोल खड्डा भरला की ३८० किलो. म्हणजे नुसत्या वजनावरच खांब जागचा हलत नाही, बाजूच्या मातीची पकड शिल्लकीत. टोकाच्या चौकटींना निम्माच भार, पण खड्डे तेवढेच घ्या. एकाच मापाचे खड्डे खणायला सांगितले की निदान एक तरी बरोबर खणला जातो.

दोन गोष्टी सांभाळा. आतल्या रांगेचे खड्डे शेडच्या जोत्याला चिकटून खणू नका, जोत्याखालची माती मोकळी होते. खांब भिंतीपासून दीड फूट पुढे घ्या आणि तिरपा पाइप मागे वळचणीखाली लांबवा. दुसरी गोष्ट, पाइप काँक्रीटमध्ये रोवू नका. काँक्रीट फरशीच्या वर चार इंच आणा, त्यात अँकर बोल्ट, त्यावर बेसप्लेट. रोवलेला पाइप बरोबर काँक्रीटच्या पृष्ठभागाशी गंजतो, आणि बाहेरून रंग मारलेला असल्याने कळतही नाही.

अडगळ, एक शंका. तुमचं दार बाहेर उघडतं म्हणालात ना? जरा मोजा. साडेसहा फुटांचं दार सहा इंची जोत्यावर, म्हणजे दाराचं डोकं जमिनीपासून ७ फुटांवर. दार पूर्ण उघडलं की त्याची बाहेरची कड भिंतीपासून ४ फूट पुढे येते. तिथे पडवीचा पत्रा सहा इंच उतरलेला असेल, पर्लिनाखाली पावणेसात फूट. दार अडकणार.

अडगळ

अरे देवा.

आत्ता टेप घेऊन जाऊन आलो. दार अडकणार, तीन इंचांनी. वेल्डर, मी आणि घरातले दोन सल्लागार, इतके दिवस त्याच दारासमोर उभे राहून चर्चा करत होतो.

मग आता? दार आत उघडणारं केलं तर आतलं सामान अडवतं. तेवढी जागा असती तर पडवी कशाला हवी होती!

ओळंबा

गुण्या, नजर आहे तुमची.

दार सरकतं करा. भिंतीवर बाहेरून वर रूळ, खाली एक मार्गदर्शक पट्टी, आणि दार दुसऱ्या गाळ्याकडे सरकेल. आतले खांब दीड फूट पुढे आहेतच, त्यांच्या आणि भिंतीच्या मधून दार आरामात जातं. रुळाचे टेकू मात्र खांबांना आणि पट्ट्यांना, पत्र्याला नाही. दाराचं वजन खालीच लोंबतं, त्याला पट्टी चालते. रूळ पडवीखाली आल्यामुळे त्यावर पाऊसही पडणार नाही.

दोन पाखी दार हाही मार्ग आहे, पण दोन फुटांचं पाखं उघडलं की बरोबर ७ फुटांवर पर्लिनाला घासेल. घासणारं दार पावसाळ्यात हमखास अडतं. सरकतंच करा.

आता तिसरा प्रश्न, ज्याची तुम्हाला धास्ती आहे. जोड.

तुमच्या शेडचा पत्रा भिंतीच्या पुढे किती आलाय? निदान सहा इंच असावा. पडवीच्या पत्र्याचं वरचं टोक त्या वळचणीखाली भिंतीपर्यंत न्या. शेडवरचं पाणी वळचणीतून सरळ पडवीच्या पत्र्यावर पडेल, जोड त्याच्या मागे कोरडा राहील. एवढ्याने साध्या पावसाची सोय झाली. वाऱ्याबरोबर येणारा पाऊस उलटा वर चढतो, त्याच्यासाठी दोन गोष्टी. पत्रा बसवण्याआधी वरच्या टोकाच्या प्रत्येक नाळीचं (पत्र्यावरच्या खोलगट पट्ट्याचं) तोंड पक्कडीने वर वळवून घ्या, म्हणजे मागे आलेलं पाणी तिथेच थबकतं. आणि भिंतीला झेड आकाराची फ्लॅशिंग पट्टी, म्हणजे जोड झाकणारी वाकवलेल्या पत्र्याची पट्टी. तिची वरची कड भिंतीच्या पत्र्याला पक्की, खालची कड पडवीच्या पत्र्यावर सात-आठ इंच नुसती टेकलेली. खाली तिला स्क्रू मारायचा नाही!

हे मी जोर देऊन सांगतोय कारण प्रत्येक गडी तिथे स्क्रू मारायला बघतो, "साहेब, वाजेल" म्हणतो. शेड आणि पडवी यांचे पाये वेगळे, वाऱ्यात हलणं वेगळं, बसणं वेगळं. दोघांना एका पट्टीने शिवलं की पट्टी फाटते किंवा स्क्रूचं भोक लांबट होतं, आणि मग नळी-नळीने सिलिकॉन भरत बसायचं. वाजू नये म्हणून पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये पन्हळीच्या आकाराची फोमची पट्टी मिळते ती घाला. ती पाखरांनाही अडवते.

पहिलं पर्लिन भिंतीपासून हातभर अलीकडे ठेवा. भिंतीला चिकटवलंत तर ड्रिल मशीन वळचणीखाली शिरत नाही, आणि मग त्या ओळीचे स्क्रू तिरके बसतात.

पाचर

लाकूड बाद झालं तरी एक सांगून ठेवतो. चौकट लोखंडाची असली तरी तिरके टेके विसरू नका. तीन बाजूंनी उघडं म्हणजे बाजूने ढकललं की काटकोनी चौकटीचा तिरका समांतरभुज चौकोन व्हायला वेळ लागत नाही. खांब आणि वरचा पाइप यांच्या कोपऱ्यात दोन-दोन फुटांचे टेके, ४५ अंशांत.

ओळंबा

पाचर, बरोबर. लांबीच्या दिशेने त्याहून सोपं आहे. आतल्या रांगेत ज्या गाळ्यात दार नाही, तिथे भिंतीसमोरून कोणी जात-येत नाही. तिथे दोन खांबांमध्ये तिरक्या पाइपांची पुरती फुली मारा. बाहेरच्या रांगेला खांबांच्या डोक्यावर एक आडवा पाइप आणि त्याला टेके. उभारताना ३-४-५ ने (एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४, तिरपं अंतर ५) काटकोन बघा आणि कर्ण मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले की मगच पक्के टाके, तोपर्यंत नुसते ठिपके. पत्रा चौकोनी असतो, तो तुमच्या वाकड्या चौकटीवर सरळ बसत नाही.

पागोळी

स्क्रू नाळीत मारायचा की उंचवट्यावर? आमच्याकडे दोन गड्यांनी दोन सांगितलं आणि दोघेही ठाम.

ओळंबा

हा वाद माझ्या आधीपासून चालू आहे, माझ्या नंतरही चालेल. नाळीत मारला तर पत्रा थेट पर्लिनावर टेकलेला असतो, स्क्रू ताठ बसतो, पकड चांगली. पण पाणीही तिथूनच वाहतं, म्हणजे सगळी भिस्त वॉशरखालच्या रबरावर. उंचवट्यावर मारला तर पाणी लागत नाही, पण खाली पोकळी असल्याने जास्त आवळला की पत्रा दबतो आणि त्या खळग्यात पाणी साचतं. गोल पन्हळीच्या पत्र्याला आणि इतक्या कमी उताराला मी उंचवट्यावर, लांब स्क्रूने मारतो. रबर जेमतेम फुगेल इतकंच आवळायचं. वॉशरच्या बाहेर रबर चिरडून आलं तर तो स्क्रू दोन उन्हाळ्यांनी गळणार.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे किती मारायचे. मध्ये एकाआड एक उंचवट्यावर चालेल. पहिल्या आणि शेवटच्या पर्लिनावर आणि दोन्ही बाजूंच्या कडांना प्रत्येक उंचवट्यावर. वारा पत्रा उचकटायला सुरुवात कडेपासूनच करतो. बाहेरच्या पर्लिनापुढे पत्रा सहा इंचांपेक्षा जास्त लोंबू देऊ नका.

आणि पत्रे चढवायची सुरुवात वारा येतो त्याच्या उलट टोकाकडून करा. म्हणजे वरच्या पत्र्याची उघडी कड वाऱ्याकडे पाठ करून राहते.

हिमकण

जिथे बर्फ पडतो तिथल्या वाचकांसाठी एवढंच: वरच्या छपराचा बर्फ घसरून खालच्या पडवीवर ढिगाने येतो, त्यामुळे वरचं वजनाचं गणित तिथे चालणार नाही. तिथे खाली येण्याचीच भीती जास्त. पायाही जमीन गोठते त्या खोलीच्या खाली न्यावा लागतो.

अडगळ

सगळ्यांचे मनापासून आभार. वेल्डरना हा धागा वाचून दाखवला. आधी थोडे खट्टू झाले, मग दाराचं ऐकून हसले, आणि आता म्हणतात तीन चौकटी जमिनीवरच तयार करून उभ्या करू, ते जास्त सोपं. म्हणजे सुटी पडवी, ८ फूट, सरकतं दार. ठरलं.

आता दोनच शंका. पडवी झाली की शेडमधला उजेड जाईल, त्या बाजूला एकच खिडकी आहे. आणि शेडचं पाणीही पडवीवर येणार, तर कडेला पाणी झेलणारी पन्हळ आणि तिचा पाइप केवढा लागेल?

गुण्या

पाण्याचं सोपं. एक मिलीमीटर पाऊस एक चौरस मीटरवर म्हणजे एक लिटर. पडवी १२ चौरस मीटर आणि शेडचं त्या बाजूचं पाखं साडेसात, मिळून साडेएकोणीस. तासाला १०० मिलीमीटरच्या वेगाने कोसळला तर तासाला १९५० लिटर, मिनिटाला ३२ च्या आसपास. तीन इंची पाइपही हे वाहून नेईल. तरी चार इंची घ्या, पाण्यासाठी नाही, पाल्यासाठी. पन्हळीला १६ फुटांत एक इंच उतार पुरे. जास्त दिलात तर एका टोकाला पत्रा आणि पन्हळ यांच्यात फट पडून पाणी बाहेरून उडी मारतं.

उजेडासाठी दारासमोर एक पत्रा पॉलिकार्बोनेटचा, म्हणजे उजेड आत येऊ देणाऱ्या प्लास्टिकचा टाका. ते उन्हाने लोखंडाच्या पाचपट तरी पसरतं. आठ फुटांचा पत्रा थंडी ते ऊन अशा चाळीस अंशांच्या फरकात सहा-सात मिलीमीटर लांबतो. म्हणून भोकं स्क्रूपेक्षा मोठी पाडा आणि वर मोठा वॉशर लावा, नाहीतर भोकापासून तडे जातात. एका बाजूला उन्हापासून संरक्षणाचा थर असतो, ती बाजू वर. ती ओळखायला चिकटवलेला कागद बसवून झाल्यावरच काढा.

अडगळ

आणि पन्हळीचा उतार कुठल्या टोकाला? दाराकडे पिंप ठेवलं तर हात धुवायला बरं पडेल असं वाटतं.

ओळंबा

दाराच्या विरुद्ध टोकाला. पिंप भरून वाहिलं की पाणी दारासमोर नको. फरशीलाही बाहेरच्या बाजूला उतार द्या, फुटाला पाव इंच, आणि ती जमिनीच्या पातळीतच ठेवा. हौसेने उंच केलीत तर तेवढी डोक्यावरची उंची गेली. लगत बांध किंवा शेजाऱ्याची हद्द असेल तर पन्हळीचं पाणी तिकडे सोडू नका आणि बांधकामाआधी स्थानिक नियम विचारून घ्या, उघड्या छपरालाही काही ठिकाणी परवानगी लागते.

वेल्डरभाऊंना माझा निरोप: जस्ताचा मुलामा असलेला पाइप जोडायचा तर टाक्याच्या जागी मुलामा आधी घासून काढा. जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री ताप भरतो. काम उघड्यावर आहे म्हणून तोंड त्या धुरात घालायचं असं नाही. टाक्यावर नंतर जस्ताचा रंग, दोन हात. पाइपांची वरची तोंडं टोप्या घालून बंद, आणि खांबाच्या तळाशी प्लेटच्या वर एक बारीक भोक, आत दमटपणाचं पाणी जमलं तर निघून जायला.

शेवटचा स्क्रू बसला की त्याच संध्याकाळी सगळा पत्रा मऊ झाडूने झाडून घ्या. ड्रिलचा आणि कटरचा लोखंडी भुसा रात्रभर पत्र्यावर राहिला तर दवाने सकाळी तांबडे ठिपके उमटतात, आणि मग लोक म्हणतात पत्रा खराब निघाला.

अडगळ

झाडू आहे. शेडमध्ये आहे, पार मागे.